लसीकरण-नोंद, कौटुंबिक

लसीकरण-नोंद, कौटुंबिक : कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला कोणत्या रोगाविरुद्ध, कोणती लस, कितवी मात्रा (डोस), कोणत्या दिवशी व कोठे देण्यात आली यांविषयी घरी जतन केलेली लेखी माहिती. लहान मुलांच्या बाबतीत ही माहिती मुख्यत्वे लसीकरण कार्डावर असते. प्रौढांच्या बाबतीत ती प्रमाणपत्रे, रुग्णालयातील कागदपत्रे व अलीकडच्या काळात संगणकीय दाखले यांत विखुरलेली असते. आरोग्य केंद्रातील नोंदवही ही त्या केंद्राच्या कामाची नोंद होय. तीत एका दिवशी आलेल्या अनेक बालकांची नावे एकाखाली एक येतात. याउलट घरची नोंद एकाच व्यक्तीच्या जन्मापासूनच्या सर्व मात्रा एकत्र दाखविते. गाव, दवाखाना किंवा वैद्य बदलला, तरी माहितीची साखळी तुटू नये हा तिचा मूळ हेतू असतो.

नोंदीची गरज : लसीमुळे शरीरात निर्माण होणारी प्रतिरक्षा (रोगप्रतिकारशक्ती) डोळ्यांना दिसत नाही. देवीची लस टोचल्यावर दंडावर कायमचा व्रण राहत असे व तो पाहून व्यक्तीला देवी काढल्या आहेत किंवा नाहीत हे सांगता येई. आज प्रचलित असलेल्या लसींपैकी असा व्रण मुख्यत्वे क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजी लसीमुळे उमटतो. ती डाव्या दंडावर टोचल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते व आणखी काही आठवड्यांत भरून येऊन लहानसा व्रण मागे राहतो. तथापि काही बालकांत लस योग्य प्रकारे देऊनही व्रण उमटत नाही. म्हणून व्रणाचा अभाव हा लस न दिल्याचा पुरावा ठरत नाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर, पोलिओ, यकृतशोथ-ब (हेपॅटायटिस बी) इ. रोगांविरुद्धच्या लसी कोणतीही बाह्य खूण ठेवीत नाहीत. या रोगांच्या बाबतीत कागद हीच एकमेव खूण होय.

दुसरे कारण मात्रांची संख्या व त्यांमधील अंतर हे होय. पुष्कळ लसींची एकच मात्रा पुरेशी नसते. पहिल्या मात्रेने शरीराला रोगकारक घटकाची ओळख होते; पुढील मात्रांनी प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते व स्मृतिकोशिका तयार होतात; काही वर्षांनी द्यावयाच्या वर्धक मात्रेने उतरणीस लागलेले संरक्षण पुन्हा वाढते. दोन मात्रा फार जवळजवळ दिल्या, तर दुसरीचा परिणाम उणा पडतो. प्राथमिक मालिकेतील मात्रांमध्ये सामान्यतः किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात ते यामुळेच. वयालाही महत्त्व असते. आईकडून मिळालेले प्रतिपिंड बालकाच्या रक्तात काही महिने टिकून राहतात व गोवराच्या लसीतील विषाणूला निष्प्रभ करू शकतात. भारतात ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि साथीच्या काळात त्यापूर्वी दिलेली मात्रा नेहमीच्या मालिकेत धरीत नाहीत. म्हणून ‘गोवराची लस झाली आहे’ एवढी माहिती अपुरी असते. ती कितव्या महिन्यात झाली हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही.

आईवडिलांची स्मरणशक्ती या कामी फारशी उपयोगी पडत नाही. पहिल्या दीड वर्षातच बालकाला दहाबारा रोगांविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात. त्यांपैकी काही तोंडावाटे, काही दंडावर, तर काही मांडीत देतात आणि एका भेटीत तीनचार लसी एकदम दिल्या जातात. घरात दोन किंवा तीन मुले असल्यास एकाची आठवण दुसऱ्याच्या नावावर जाते. ‘सगळी इंजेक्शने वेळेवर झाली’ हे उत्तर प्रामाणिक असले, तरी त्यावरून एखादी मात्रा राहून गेली आहे की काय हे ठरविता येत नाही.

इतिहास : भारतातील पहिले ज्ञात लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली व तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे इतरांना देण्यात आली. लस टिकविण्याची अन्य सोय नसल्याने ती एका व्यक्तीच्या दंडावरून दुसऱ्या व्यक्तीच्या दंडावर अशी प्रवास करीत असे [⟶ देवी]. १८७७ मध्ये मुंबई शहरासाठी व १८८० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील ठराविक क्षेत्रांसाठी लसीकरणाचे कायदे झाले. १८८० च्या कायद्यानुसार बालकाला लस टोचल्यावर ठराविक दिवसांनी तपासणीसाठी पुन्हा आणावे लागे आणि लस लागू पडल्याचे दिसल्यास पालकाला तसे प्रमाणपत्र देण्यात येई. बालकाची प्रकृती लस देण्याजोगी नसल्यास तसाही दाखला दिला जाई. घरी जपून ठेवावयाच्या लसीकरणाच्या कागदाचा हा येथील जुना नमुना म्हणता येईल.

लसीच्या गटाची किंवा बाटलीची नोंद किती मोलाची असते हे मुलकोवाल येथील दुर्घटनेवरून स्पष्ट झाले. व्हॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. या सर्वांना एकाच, म्हणजे ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतील लस देण्यात आली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस मिळालेल्यांना धनुर्वात झाला नाही. दोष प्रयोगशाळेतील लसीत नसून गावात बाटली उघडताना झालेल्या संसर्गात असावा हे मत पुढे मान्य झाले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. बाटलीचा क्रमांक नोंदला नसता, तर हा उलगडा होणे कठीण होते. आजही प्रत्येक मात्रेबरोबर लसीचा गट क्रमांक (बॅच क्रमांक) लिहिण्याचा आग्रह धरतात, तो याच कारणासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवी रोगाचे निर्मूलन झाल्याचे घोषित केले. भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. एका लसीच्या जागी अनेक लसी व एका मात्रेच्या जागी अनेक मात्रा आल्यामुळे साधे प्रमाणपत्र अपुरे पडू लागले आणि वेळापत्रक छापलेले व तारखांसाठी चौकटी असलेले कार्ड प्रचारात आले. २०१० पासून गर्भवतीची तपासणी, प्रसूती, बालकाची वाढ व लसीकरण या सर्वांसाठी माता व बाल संरक्षण कार्ड देण्यात येऊ लागले. जपानमध्ये अशा प्रकारची माता व बालकाची संयुक्त आरोग्य-पुस्तिका १९४८ पासून वापरात आहे.

कार्ड व स्थळप्रत : माता व बाल संरक्षण कार्डाचा मुख्य भाग आईजवळ राहतो व लसीकरणाची माहिती असलेली स्थळप्रत आरोग्यसेविका आपल्याजवळ ठेवते. स्थळप्रती ठेवण्यासाठी महिन्यांची नावे लिहिलेल्या कप्प्यांची कापडी पिशवी उपकेंद्रात वापरली जाते. बालकाची पुढील मात्रा ज्या महिन्यात द्यावयाची असेल, त्या महिन्याच्या कप्प्यात त्याची स्थळप्रत ठेवतात. मात्रा दिल्यावर ती नोंदवून स्थळप्रत पुढील देय महिन्याच्या कप्प्यात सरकवितात. महिना संपला, तरी ज्या स्थळप्रती मागील कप्प्यात शिल्लक राहतात त्या मात्रा चुकलेल्या बालकांच्या असतात. त्यांवरून यादी करून आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका घरोघर जातात. ही रचना साधी असूनही परिणामकारक आहे. मात्र कुटुंब दुसऱ्या गावी गेले, तर स्थळप्रत मागे राहते आणि बालकाबरोबर केवळ घरचे कार्ड जाते.

वेळापत्रक : कार्ड वाचता येण्यासाठी राष्ट्रीय वेळापत्रकाची स्थूल कल्पना असणे आवश्यक असते. जन्मतः बीसीजी, तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीची शून्य मात्रा व यकृतशोथ-ब लसीची जन्ममात्रा देतात. यांतील शेवटची शक्यतो पहिल्या २४ तासांत द्यावयाची असते. सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पोलिओ, रोटाव्हायरस व पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) या लसी देतात. टोचावयाची पोलिओ लस व न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस सहा व चौदा आठवड्यांनी आणि पुन्हा नवव्या महिन्यानंतर देतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीची पहिली, तर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा देतात. याच सुमारास घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांविरुद्धच्या त्रिगुणी लसीची पहिली वर्धक मात्रा येते. दुसरी वर्धक मात्रा पाच ते सहा वर्षे वयात देतात. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांविरुद्धची संयुक्त लस देतात. जपानी मस्तिष्कशोथाची लस त्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांतच दिली जाते.

वेळापत्रक काळानुसार बदलत आले आहे. पंचगुणी लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली. तीत त्रिगुणी लसीचे तिन्ही घटक, यकृतशोथ-ब व हिमोफायलस इन्फ्लुएंझी-ब या जंतूविरुद्धचा घटक एकत्र असतात. म्हणून मोठ्या भावंडाच्या कार्डावर त्रिगुणी व यकृतशोथ-ब अशा स्वतंत्र चौकटी भरलेल्या, तर धाकट्याच्या कार्डावर केवळ पंचगुणीच्या चौकटी भरलेल्या आढळल्यास धाकट्याच्या लसी राहिल्या असे समजण्याचे कारण नाही. २०१७ पासून केवळ गोवराच्या लसीऐवजी टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला लस आली व २०१९ पासून धनुर्वाताच्या लसीची जागा धनुर्वात-घटसर्प लसीने घेतली. खाजगी दवाखान्यांत गालगुंड, कांजिण्या, विषमज्वर, यकृतशोथ-अ इ. रोगांविरुद्धच्या जादा लसीही देतात. त्यांची नोंद अनेकदा वेगळ्या पुस्तिकेत व केवळ व्यापारी नावाने केलेली असते.

नोंदीचे घटक : चौकटीत केवळ खूण करणे पुरेसे नसते. चांगल्या नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : (१) व्यक्तीचे नाव, जन्मतारीख व आईचे नाव, (२) लसीचे नाव, व्यापारी नाव लिहिले असल्यास त्यातील घटकही, (३) मात्रेचा क्रमांक, (४) दिवस, महिना व वर्ष, (५) गट क्रमांक व उत्पादक, (६) टोचण्याची जागा, (७) केंद्राचे नाव व देणाऱ्याची स्वाक्षरी, (८) पुढील मात्रेची तारीख. मात्रेनंतर तीव्र स्वरूपाची प्रतिक्रिया आल्यास ती व तिची वेळ अवश्य लिहावी. श्वासोच्छ्वासास अडथळा, अंगभर गांधी उठून येणारी भोवळ, झटके यांसारखी घटना पुढील मात्रा देण्यापूर्वी वैद्याला कळणे अत्यावश्यक असते. त्याचप्रमाणे रक्त किंवा प्रतिपिंडयुक्त द्रव्ये (इम्युनोग्लोब्युलिन) दिली असल्यास त्याची तारीख नोंदवावी, कारण त्यानंतर काही महिने गोवरासारख्या जिवंत लसीचा परिणाम उणावतो.

नोंद तुटण्याची कारणे : महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. जन्माच्या वेळच्या व पुष्कळदा पहिल्या दीड महिन्याच्या मात्रा माहेरच्या गावी होतात आणि पुढच्या सासरी. कार्ड बाळाच्या कपड्यांबरोबर आले नाही, तर सासरच्या आरोग्यसेविकेला कोऱ्या कार्डापासून सुरुवात करावी लागते. बारशापूर्वी मिळालेल्या कार्डावर व रुग्णालयाच्या कागदांवर बाळाचे नाव नसते. तेथे आईचे नाव असते आणि तेही कधी माहेरचे, तर कधी सासरचे. जन्मदाखल्यावर नाव नोंदविल्यावर तेच नाव, त्याच अक्षरांत, कार्डावर लिहून घेणे म्हणूनच इष्ट ठरते.

हंगामी स्थलांतर हे दुसरे मोठे कारण होय. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमक्या या पाचसहा महिन्यांत तान्ह्या बालकाच्या प्राथमिक मालिकेतील बहुतेक मात्रा येऊ शकतात. स्थळप्रत गावच्या उपकेंद्रात असते व मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत असते. वीटभट्ट्या व मोठी बांधकामे येथील मजुरांच्या मुलांचीही हीच स्थिती असते. या कुटुंबांच्या दृष्टीने घरचे कार्ड हीच नोंदवही ठरते. ते दाखविल्यास कोणत्याही शासकीय केंद्रात पुढील मात्रा घेता येते.

मोहिमांतील मात्रांमुळेही घोटाळा होतो. १९९५ पासून देशभर राबविलेल्या पल्स पोलिओ मोहिमेत डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करतात. ही खूण काही दिवसांपुरती, त्या फेरीत मूल सुटू नये एवढ्यासाठी असते. या मात्रा नियमित मात्रांव्यतिरिक्त असतात; त्या घेतल्यामुळे कार्डावरील मात्रा घेण्याची गरज संपत नाही. तारीख लिहिण्याची पद्धत हेही चुकीचे एक कारण आहे. भारतात दिवस आधी व महिना नंतर लिहितात, तर अमेरिकेत महिना आधी लिहितात. ५-६ ही तारीख तेथे ६ मे अशी वाचली जाते. परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या कागदांवर महिना अक्षरी लिहिणे सोयीचे असते.

नोंद हरवल्यास : प्रथम जेथे मात्रा दिल्या त्या केंद्राच्या नोंदवहीत, आरोग्यसेविकेच्या स्थळप्रतीत, प्रसूती झालेल्या रुग्णालयाच्या कागदपत्रांत व बालरोगतज्ञाच्या दप्तरात शोध घ्यावा. दिवस किंवा निदान महिना सांगता आला, तर नोंदवही चाळणे सोपे जाते. सापडलेल्या मात्रा दुय्यम कार्डावर उतरवून त्यावर केंद्राची स्वाक्षरी व शिक्का घ्यावा. मालिका मध्येच खंडित झाली असल्यास ती पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेल्या मात्रांपासून पुढे चालू ठेवतात. हा नियम नोंदीचे मूल्य दाखवितो : कागदावर आधीच्या दोन मात्रा सिद्ध झाल्या, तर तिसरीच द्यावी लागते, सिद्ध झाल्या नाहीत, तर तिन्ही द्याव्या लागतात.

कोणताही पुरावा न मिळाल्यास व्यक्तीला संरक्षण नाही असे धरून वयानुसार योग्य त्या लसी पुन्हा देणे हा सर्वमान्य मार्ग होय. गोवर-रुबेला किंवा पोलिओची जादा मात्रा निरोगी बालकाला सामान्यतः अपायकारक ठरत नाही. धनुर्वाताच्या लसीच्या मात्रा मात्र वारंवार व थोड्या अंतराने दिल्यास टोचलेल्या जागी बरीच सूज व वेदना होण्याचा संभव असतो. काही रोगांच्या बाबतीत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करता येते. परंतु ती खर्चिक असते व सर्व लसींसाठी विश्वसनीय नसते. वयाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. राष्ट्रीय कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला लस पाच वर्षांपर्यंत व त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंतच देतात. म्हणजे कार्ड शोधण्यात घालविलेला वेळ काही वेळा संधीच घालवितो. मूल समोर असता कार्ड नाही म्हणून लस न देता परत पाठविणे योग्य नव्हे.

प्रौढांच्या नोंदी : लसीकरण हा बालपणाचा विषय आहे या समजुतीमुळे प्रौढांचे कागद क्वचितच जपले जातात. त्यांची गरज बहुधा अचानक भासते. माती किंवा शेण लागलेली खोल जखम झाली असता वैद्याला दोन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात : धनुर्वाताच्या किमान तीन मात्रा पूर्वी झाल्या आहेत काय, व शेवटची कधी झाली. तीन मात्रा झाल्या असून शेवटीला पाच वर्षे उलटली नसतील, तर अशा जखमेसाठीही लस द्यावी लागत नाही. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची धरतात. मात्रा तीनपेक्षा कमी किंवा अज्ञात असल्यास दूषित जखमेच्या वेळी लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. कुत्रा चावल्यावर अलर्क रोगाविरुद्ध (रेबीज) द्यावयाच्या उपचारांतही असाच भेद पडतो. पूर्वी लसीची पूर्ण मालिका झाल्याचा लेखी पुरावा असल्यास जखम धुऊन शून्य व तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा पुरतात व प्रतिपिंडयुक्त द्रव्य टोचावे लागत नाही. पुरावा नसल्यास पूर्ण मालिका व खोल चाव्यासाठी ते द्रव्यही द्यावे लागते. म्हणून चाव्यानंतर मिळालेला उपचारपत्रकाचा कागद जखम भरली म्हणून टाकून देऊ नये.

गर्भवतीला धनुर्वात-घटसर्प लसीच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने देतात. परंतु गेल्या तीन वर्षांत आधीच्या गरोदरपणी दोन मात्रा झाल्या असल्यास एकच वर्धक मात्रा पुरते. यासाठी पहिल्या बाळंतपणाचे कार्ड दुसऱ्या वेळी उपयोगी पडते. वैद्यकीय व परिचर्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि रुग्णालयातील कर्मचारी यांना यकृतशोथ-ब लसीच्या तीन मात्रांचा पुरावा लागतो. प्लीहा काढलेले, मूत्रपिंडविकाराचे व वृद्ध रुग्ण यांच्या लसींचीही स्वतंत्र नोंद असावी.

प्रवासासाठी लागणाऱ्या कागदांत पीतज्वराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. ते प्रत्येक व्यक्तीचे, लहान मुलाचेही, स्वतंत्र असते. त्यावर लस देणाऱ्या अधिकृत केंद्राचा शिक्का व वैद्याची हस्तलिखित स्वाक्षरी लागते. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होते. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे होती. ११ जुलै २०१६ पासून ते, जुनी प्रमाणपत्रे धरून, आजन्म ग्राह्य मानले जाते. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांतील बाधित देशांतून हे प्रमाणपत्र न घेता भारतात येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. हज यात्रेकरूंना मेंदूच्या आवरणाच्या दाहाविरुद्धच्या (मेनिंजायटिस) लसीचे प्रमाणपत्र लागते.

संगणकीय नोंदी : ऑस्ट्रेलियात बालकांच्या लसीकरणाची राष्ट्रीय नोंदणी १९९६ मध्ये सुरू झाली. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून कोविड-१९ लसीकरणासाठी ‘कोविन’ ही संगणकीय व्यवस्था वापरण्यात आली व तिच्यात २२० कोटींहून अधिक मात्रा नोंदल्या गेल्या. देशातील प्रौढांच्या फार मोठ्या संख्येला स्वतःच्या लसीकरणाचा लेखी पुरावा मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याच धर्तीवर गर्भवती व बालकांसाठी ‘यू-विन’ ही व्यवस्था २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांत व २०२४ मध्ये देशभर सुरू झाली. तिच्यामुळे एका ठिकाणी नोंदलेली मात्रा दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात पाहता येते व पुढील मात्रेची आठवण भ्रमणध्वनीवर मिळते. स्थलांतरित कुटुंबांना तिचा विशेष उपयोग आहे. तथापि संगणकातील नोंद सहसा भ्रमणध्वनीच्या क्रमांकाशी जोडलेली असते. क्रमांक बदलल्यास किंवा तो नातेवाइकाचा असल्यास नोंद हाती लागणे अवघड होते. व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच्या मात्रा तीत आपोआप येत नाहीत. म्हणून कागदी कार्ड टाकून देणे योग्य नाही. दोन्ही नोंदी एकमेकींशी पडताळून पाहाव्यात व तफावत आढळल्यास केंद्रातच दुरुस्त करून घ्यावी.

घरातील व्यवस्था : मूळ कार्डे शिधापत्रिका व जन्मदाखले यांबरोबर, पाण्यापासून सुरक्षित अशा एकाच पिशवीत ठेवावीत. सर्व चौकटी भरेपर्यंत कार्डावर प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये, कारण त्यावर पुढील नोंद करता येत नाही. उष्णतेने छापलेले चकचकीत कागद काही वर्षांत फिके पडतात. त्यांची छायाप्रत काढावी. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवून ते घरातील आणखी एका व्यक्तीकडे द्यावे. याशिवाय एका वहीत प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र पाने ठेवून मूळ कागदावरून माहिती उतरविल्यास सर्व कुटुंबाची स्थिती एकत्र दिसते. उतरविताना मूळ कागदावरून घेतलेली माहिती व केवळ स्मरणावरून लिहिलेली माहिती यांत स्पष्ट भेद करावा. अन्यथा कालांतराने अंदाजालाच पुराव्याचे रूप येते. लस घेऊन केंद्रातून निघण्यापूर्वी नोंद झाली आहे याची खात्री करून घेणे व घराबाहेर दीर्घकाळ जाताना कार्ड बरोबर नेणे या दोन सवयी सर्वांत उपयुक्त ठरतात. मूल सज्ञान झाल्यावर, तसेच मुलगी सासरी जाताना, तिची किंवा त्याची कागदपत्रे स्वाधीन करावीत.

सामाजिक महत्त्व : घरातील कार्ड हे सार्वजनिक आरोग्याच्या पाहणीचेही साधन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या बालकांची माहिती कार्डावरून व कार्ड नसल्यास आईच्या सांगण्यावरून घेतात. २०१९–२१ मधील पाचव्या पाहणीत या दोन्ही मार्गांनी मिळून पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण ७६·४ टक्के, तर केवळ कार्डावरील माहितीनुसार ८३·८ टक्के आढळले. कार्ड जपणारी कुटुंबे मुळातच अधिक जागरूक असण्याचा संभव असल्याने हा सर्व फरक कार्डामुळेच पडतो असे म्हणता येणार नाही. परंतु कार्ड नसलेल्या बालकांकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे हे त्यावरून उघड होते. पहिली मात्रा घेऊन तिसरीपर्यंत न पोहोचलेल्या बालकांचे प्रमाणही तारखांच्या नोंदींवरूनच काढतात.

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव इ. ठिकाणी गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा घरोघर जाऊन मात्रा चुकलेली बालके शोधावी लागली. गोवराचा प्रसार अतिशय वेगाने होत असल्याने अशा वेळी विलंब परवडत नाही. ज्या घरात कार्ड हाताशी असते तेथे कोणत्या बालकाला कोणती मात्रा द्यावयाची याचा निर्णय दारातच घेता येतो. जेथे ते नसते तेथे आधी शोध व मग लस असा क्रम लागतो आणि मधल्या दिवसांत ते बालक संरक्षणावाचून राहण्याचा धोका असतो.